हीटरचा हिशेब

नागपुरात थंडी आली हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. विधानभवनाच्या रस्त्यांवर हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त लागतो, ही पहिली. रात्री अकराच्या सुमारास हॉस्टेलचा अख्खा मजला अंधारात बुडतो आणि "कोनं लावला बे हीटर?" असा गजर चारी बाजूंनी उठतो, ही दुसरी. आपण सदरला राहतो, त्यामुळे दोन्ही खुणा आपल्याला घरबसल्या मिळतात.

बाहेरगावाहून आलेल्या मुलांना नागपूर म्हटले की फक्त उन्हाळा ठाऊक असतो. पहिल्या वर्षी ते सुती चादर घेऊन येतात आणि डिसेंबरात रूममेटच्या रजईकडे आशेने बघत बसतात. इथली थंडी थट्टेची नाही. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्याआधीचा नीचांक ३.९ अंशांचा होता आणि तो १९३७ च्या जानेवारीतला होता. म्हणजे ८० वर्षांहून जुना विक्रम मोडला.

हा लेख लिहायचे कारण मात्र विक्रम नाही. दुसऱ्या वर्षी हिवाळी परीक्षेच्या आधी मी आणि माझ्या रूममेटने एक जुना, २००० वॅटचा कॉइलचा हीटर स्वस्तात आणला. टेबलाजवळच्या साध्या सॉकेटला, तेही एक्स्टेन्शन बोर्ड लावून, तो जोडला. दोन रात्री मजेत गेल्या. तिसऱ्या रात्री जळक्या वासाने जाग आली. सॉकेट वितळून खाली ओघळले होते आणि त्याला टेकलेल्या गादीची कड काळी पडून धुमसत होती. मेन स्विच बंद केला, गादी गॅलरीत नेऊन तिच्यावर बादली ओतली. निभावले. आणखी अर्धा तास झोप लागली असती तर हे लिहायला मी असतो की नाही, सांगता येत नाही. चूक शंभर टक्के आमची होती. इंजिनिअरिंगची दोन पोरे, पण हीटर लावण्याआधी एकानेही कागदावर दोन ओळींचा हिशेब केला नव्हता. तो हिशेब आता करतो.

थंडी येते कुठून?

डिसेंबर-जानेवारीत नागपुरात दुपारी पारा साधारण २८ अंशांपर्यंत जातो आणि पहाटे १२-१३ वर उतरतो. थंडीची लाट आली तर त्याहून खाली. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. अशा आकाशाखाली रात्री गच्ची आपली उष्णता प्रारणाने सरळ वर फेकते. दर चौरस मीटरला ५० ते १०० वॅट या दराने ती जाऊ शकते. ढग आले की हीच उष्णता अडते आणि रात्र उबदार वाटते. म्हणून वरच्या मजल्यावरची मुले जास्त कुडकुडतात. ती नाजूक आहेत म्हणून नव्हे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. आपली थंडी रात्रीची आहे, दिवसाची नाही. काश्मीर किंवा युरोपसारखे चोवीस तास घर तापवायची आपल्याला गरजच नाही. दुपारचे ऊन रात्रीपर्यंत पुरवता आले की अर्धे काम झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या इमारती उन्हाळ्यासाठी बांधलेल्या आहेत. सिव्हिल लाइन्स आणि सदरमधले जुने कवेलूचे बंगले आठवा: उंच छत, वर झरोके, भोवती व्हरांडा. सगळी रचना गरम हवा बाहेर जावी आणि भिंतीवर ऊन पडू नये यासाठी. हॉस्टेलच्या खोलीत त्यात भर म्हणून खिडकीत कूलर बसवलेला. इमारतींसाठीच्या ऊर्जा संवर्धन संहितेत नागपूर 'संमिश्र' हवामानाच्या विभागात मोडते, म्हणजे इथे उन्हाळा आणि हिवाळा दोन्हींचा विचार हवा. आपण मात्र एकाचाच करतो.

खोली तापवायला किती वीज लागते?

३ मीटर × ४ मीटरची, ३ मीटर उंच खोली घेऊ. हवा ३६ घनमीटर, म्हणजे साधारण ४३ किलो. ती १० अंशांनी तापवायला सुमारे ४३० किलोज्यूल, म्हणजे ०.१२ युनिट पुरते. १००० वॅटचा हीटर हे काम सात-आठ मिनिटांत करील. म्हणूनच हीटर लावल्या-लावल्या "वा!" वाटते.

पण ही ऊब टिकत नाही. गळती अशी होते (आतबाहेर एका अंशाचा फरक धरून):

- गच्चीचा स्लॅब, १२ चौरस मीटर: सुमारे ३६ वॅट
- बाहेरची नऊ इंची विटांची भिंत, साडेसात चौरस मीटर: सुमारे १६ वॅट
- एकेरी काचेची खिडकी, दीड चौरस मीटर: सुमारे ९ वॅट
- फटी, झरोका आणि कूलरचे भोक यांतून हवा तासाला चार वेळा बदलत असेल तर: सुमारे ४८ वॅट

बेरीज सुमारे १०९ वॅट. म्हणजे बाहेर १० अंश आणि आत २० अंश ठेवायचे तर सुमारे ११०० वॅट रात्रभर जाळावे लागतील. १००० वॅटचा हीटर आठ तास चालवला तर ८ युनिट, महिन्याला २४० युनिट. हिशेबाला सोपे म्हणून युनिटला १० रुपये धरले तर २४०० रुपये. तेवढ्यात दोघांच्या रजया येऊन वर चहाचे पैसे उरतात, आणि रजई पुढची पाच वर्षे बिल पाठवत नाही.

ही वीज येते कुठून तेही बघा. सदरहून छिंदवाडा रोडने उत्तरेला गेले की कोराडीच्या चिमण्या दिसतात. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. एका युनिटामागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा धरला तर आपल्या एका खोलीचा महिन्याचा हीटर दीडशे किलोच्या घरात कोळसा खातो. उष्णतेची वीज करायची, त्यात दोन भाग घालवायचे आणि हॉस्टेलमध्ये आणून पुन्हा उष्णता करायची, असा हा द्राविडी प्राणायाम आहे.

वरच्या यादीत सगळ्यांत मोठा आकडा कोणाचा, हे तुमच्या लक्षात आले असेलच. स्लॅब जाड करणे आपल्या हातात नाही. फटी बुजवणे आहे. कूलरच्या तोंडाला आतून पुठ्ठा आणि जुनी चादर लावली, दाराखाली गुंडाळलेले गोणपाट ठेवले आणि हवा बदलण्याचे प्रमाण तासाला एकदा इतके आणले, की ४८ चे १२ होतात. मग दोन मुले (बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो), एक लॅपटॉप आणि दिवा एवढ्या २५० वॅटवरच खोली बाहेरच्यापेक्षा तीन-साडेतीन अंश उबदार राहते. मधल्या मजल्यावर, जिथे डोक्यावर गच्ची नाही, तिथे हाच फरक सहा अंशांच्या वर जातो. हा हिशेब ढोबळ आहे, भिंतींत साठलेली उष्णता त्यात धरलेली नाही, पण दिशा बरोबर आहे.

मात्र बुजवायचे म्हणजे हवाबंद डबा करायचा नाही. झरोका बोटभर उघडा राहू द्या. दोन माणसांना रात्रभर श्वास घ्यायचा आहे.

ऊन साठवा

२१ डिसेंबरच्या आसपास नागपुरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून अवघा ४५ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतपर्यंत येते. (मे महिन्यात तोच सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे तीच खिडकी तेव्हा त्रास देत नाही.) दीड चौरस मीटरच्या खिडकीतून चार-पाच तासांत दोन युनिटांच्या आसपास उष्णता फुकट आत येऊ शकते. पण आपण सकाळी लेक्चरला जाताना पडदा ओढून जातो!

उन्हाळ्यात आपण दिवसा बंद आणि रात्री उघडे ठेवतो. हिवाळ्यात नेमके उलटे करा. सकाळी दहाला पडदा बाजूला, खिडकी उघडी, कारण तेव्हापासून बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम होऊ लागते. पाचच्या आत सगळे बंद. गाद्या-रजया दुपारी गच्चीवर उन्हात टाका. ओल गेली की कापूस फुगतो आणि ऊब वाढते. आपल्या आया-आज्या हे करतच आल्या आहेत. त्यांनी औष्णिक रोधाचे सूत्र पाठ केले नव्हते, एवढेच.

वायरचा हिशेब

आता आमचे सॉकेट का वितळले ते पाहू. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ अँपिअर. साधे लहान सॉकेट ६ अँपिअरचे, म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॅटचे. इथेच आम्ही नापास झालो होतो.

पुढे पाहा. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १००० वरून २००० वॅटवर गेलो की वायर दुप्पट नाही, चौपट तापते. त्यात जुने सॉकेट सैल झालेले असते. पिन आणि पट्टी यांच्यात फक्त अर्धा ओहम रोध आला असे समजा. ८.७ चा वर्ग गुणिले ०.५ म्हणजे सुमारे ३८ वॅट. आपल्या लॅबमधले सोल्डरिंग आयर्न साधारण २५ ते ३५ वॅटचे असते. थोडक्यात, सैल सॉकेटमध्ये आम्ही एक पेटते सोल्डरिंग आयर्न खुपसून शांतपणे झोपलो होतो. प्लास्टिक वितळणारच होते. एमसीबी पडला नाही, कारण त्याच्या दृष्टीने ८.७ अँपिअर हा प्रवाह सामान्यच होता. एमसीबी जादा प्रवाह ओळखतो, सैल जोड ओळखत नाही, हे कायमचे लक्षात ठेवा.

आता मजल्याचा हिशेब. समजा, मजल्याला तीन फेज आहेत आणि प्रत्येकावर ३२ अँपिअरचा एमसीबी. एकूण क्षमता सुमारे २२ किलोवॅट. २४ खोल्यांत एकेक किलोवॅटचे हीटर लागले की दिवे-पंखे सोडून नुसत्या हीटरांचे २४ किलोवॅट झाले. मग परीक्षेच्या आदल्या रात्री अंधार होतो, आणि ज्याच्याकडे हीटर नाही तोही अंधारात बसतो. बिल सगळ्यांच्या फीमधून जाते, ऊब काहींनाच मिळते. त्यामुळे हॉस्टेलवर हीटर लपवून वापरणे म्हणजे रेक्टर सरांना चकवणे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण शेजारच्या खोलीतल्या मित्राला चकवत असतो.

खोली राहू द्या, माणूस उबदार ठेवा

झोपलेला माणूस साधारण ७० वॅट उष्णता देतो. आठ तासांत अर्ध्या युनिटाहून जास्त! म्हणजे प्रत्येक पांघरुणात एक हीटर आधीच चालू आहे, फक्त त्याची ऊब पळू द्यायची नाही. खोली १२-१३ अंशांवर असेल तर दोन-तीन सेंटीमीटर जाडीची, फुगीर कापसाची रजई त्याला पुरते. ऊब कापसात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते. दाबून पापड झालेली रजई म्हणूनच गरम वाटत नाही. ती फेकू नका, पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्या.

मुलांची नेहमीची तक्रार असते: "तीन-तीन ब्लँकेटं घेतली, तरी थंडी वाजून रायली." अरे, वर तीन आणि खाली काय? लोखंडी पलंगावरची दोन बोटे जाडीची गादी, तीही अंगाच्या भाराने दबलेली. अर्धी ऊब खालून जाते. तीनपैकी एक ब्लँकेट खाली घाला. ते नसेल तर मेसमधली तांदळाची रिकामी गोणपाटे, त्यावर वर्तमानपत्रांचे थर आणि मग गादी. घरची गोधडी किंवा वाकळ असेल तर ती अंगाला लागून घ्या आणि ब्लँकेट वर. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर सरकवा. थंड भिंत अंगाची उष्णता प्रारणाने ओढून घेते, त्यामुळे हवा ठीक असूनही त्या बाजूने कुडकुडायला होते.

अभ्यासाला बसताना एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर चांगले. कानटोपी आणि कोरडे मोजे यांना लाजू नका. आणि रबरी गरम पाण्याची पिशवी: दोन लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ वर येईपर्यंत सुमारे २१० किलोज्यूल देते. १००० वॅटच्या हीटरची ही साडेतीन मिनिटांची वीज! पांघरुणात पायाशी ठेवली तर झोप लागेपर्यंत पुरते. पाणी उकळते भरू नका, आणि झाकण दोनदा तपासा.

आंघोळीचे पाणी

१५ लिटरची बादली १८ अंशांवरून ४० वर न्यायला ०.३८ युनिट लागते. १५०० वॅटच्या रॉडने सुमारे १५ मिनिटे. शंभर मुलांना रोज ३८ युनिट, शंभर दिवसांच्या हिवाळ्यात ३८०० युनिट. पूर्वी वाड्यात एकच तांब्याचा बंब पेटायचा आणि सगळे घर न्हाऊन निघायचे. आज तेच काम गच्चीवरचा सौर बंब करू शकतो, कारण थंडीत आपले आकाश निरभ्र असते. केंद्र सरकारच्या सौर शहर कार्यक्रमात नागपूर आदर्श सौर शहर म्हणून निवडले गेले होते, ते उगाच नाही. ६० अंशांचे ८०० लिटर पाणी थंड पाण्यात मिसळून शंभर बादल्या होतात, आणि त्यासाठी साधारण १६ चौरस मीटर संग्राहक पुरतो.

अडचण असते ती पाइपात. २५ मिलिमीटर व्यासाच्या, २० मीटर लांब पाइपात सुमारे १० लिटर पाणी रात्रभर थंड होऊन बसते. पहाटे पहिला येणारा ते मोरीत सोडून देतो. पाइपला वेष्टन नसेल तर तापलेले पाणीही वाटेतच निवते, आणि मग आठनंतर येणाऱ्याला "सोलर बंद आहे" असे वाटते. पाइपला वेष्टन घालणे आणि पहिले पाणी बादलीत धरून सफाईला वापरणे, ही कामे स्वस्त आहेत.

रॉड वापरावाच लागला तर आधी तो पाण्यात, मग स्विच चालू. पाणी तापल्यावर आधी स्विच बंद, पिन बाहेर आणि मगच पाण्याला हात. बादली प्लास्टिकची, पायात चपला, प्लग तीन पिनांचा, आणि खोलीला अर्थिंग आहे याची खात्री. मजल्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो जीव वाचवतो. "सारखा पडतो" म्हणून तो काढून टाकायला सांगू नका. तो पडतो कारण कुठेतरी गळती आहे.

शेगडी: जिवावरची ऊब

हा भाग कृपया सर्वांनी वाचावा. कोळशाची शेगडी, निखाऱ्यांचे घमेले किंवा गॅसचा हीटर बंद खोलीत ठेवून झोपू नये. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते आणि माणूस उठतच नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन इथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार लहान मुले, अशाच रीतीने बंद खोलीतल्या गॅस हीटरमुळे गेले. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा धोकाही हाच. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा समज सोडा. शेकोटी करायची तर उघड्यावर, आणि निखारे विझवूनच आत जायचे.

शेगडीवरून एक गोष्ट सांगायची राहिली. आमची गादी जळाली त्या रात्री धावत वर आले ते चौकीदार काका. गोंधळ निवल्यावर मी त्यांना सोडायला खाली गेलो. त्यांच्या पत्र्याच्या केबिनमध्ये, दार लावून, घमेल्यात निखारे होते. "बाबू, पहाटे लई गारठा असते" म्हणाले. आम्ही वर हीटरसाठी भांडत होतो, आणि सगळ्या इमारतीत सर्वांत जास्त थंडी सोसणारा माणूस खाली आपल्या जिवावर ऊब घेत होता. त्या रात्री आम्ही घमेले बाहेर काढले आणि माझे ब्लँकेट काकांना दिले.

आता काय करायचे?

विद्यार्थ्यांनी:
१. कूलरचे तोंड आणि दाराची फट या रविवारी बंद करावी. झरोका थोडा उघडा ठेवावा.
२. पडदे दहाला उघडावेत, पाचला लावावेत. गाद्यांना आठवड्यातून एकदा ऊन द्यावे.
३. पांघरुणाइतकेच अंथरुणावर लक्ष द्यावे.
४. गरम झालेले किंवा काळे पडलेले सॉकेट दिसताच वापर थांबवून लेखी कळवावे.

हॉस्टेल व्यवस्थापनाने:
१. थंडीआधी सैल सॉकेट बदलावीत आणि अर्थिंग तपासावे.
२. प्रत्येक मजल्यावर एक अभ्यासिका रात्री उबदार ठेवावी. वीस मुलांच्या अंगचीच ऊब दोन किलोवॅट होते, हीटर लागणारही नाही.
३. सौर बंबाच्या पाइपला वेष्टन घालावे.
४. चौकीदाराच्या केबिनला पत्र्याखाली थर्माकोल किंवा प्लायचे अस्तर द्यावे, जाड जाकीट द्यावे आणि पहाटे चहाचा थर्मास भरून ठेवावा.

शेवटचा मुद्दा खर्चाने सगळ्यांत लहान आहे. तो आधी करावा, ही विनंती. थंडीचा हिशेब नीट केला तर ती फार महाग पडत नाही. आम्ही न करता निजलो, आणि एका गादीवर सुटलो. तुम्ही आज रात्री झोपण्याआधी आपले सॉकेट एकदा हात लावून बघा.